हिरवी घागर

आमच्या घरात देव नव्हते. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती, पौर्णिमेला तिच्यापुढं मेणबत्ती लागायची, बस्स. त्यामुळं नवस नाही, उपास नाही, आणि त्यावरून इतरांच्या घरात जी भांडणं होतात तीही नाहीत. ती कसर आम्ही वाद घालून भरून काढायचो. माझे बाबा उदगीरच्या डेपोत कंडक्टर होते. दिवसभर गाडीत माणसं कशाकशावरून हुज्जत घालत, त्यातली एखादी झकास हुज्जत निवडून बाबा संध्याकाळी घरी आणायचे, दुसऱ्यांचे वडील भजी आणतात तशी. खाकी टोपी खुंटीला अडकवायची, चुलीजवळ बसायचं, ज्वारीची भाकरी चुरायची, तिच्यावर अंबाडीची भाजी नाहीतर नुसतं तुरीचं वरण घ्यायचं, आणि पहिला घास उचलायच्या आधी विचारायचं, "हं, बोला. बैल हुशार का म्हैस?" की झालं सुरू. माझा चुलता, मधुकाका, वायरमन होता आणि आमच्यातच राहायचा. तो नेहमी बाबांच्या उलट बाजूला. मी कुणाच्याही बाजूनं, फक्त हरणाऱ्याच्या नाही. धाकटी रमा मध्येच तिसरंच काहीतरी बोलायची. आणि माय भाकरी थापायची. तिच्या हाताची थपथप आमच्या प्रत्येक वादाच्या पाठीमागं असायची. आजही एखाद्या सभेत कुणी मुद्देसूद बोलायला लागलं की मला भूक लागते.

गाव आमचं देवणीच्या वाटेवरचं. आमचा जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. गाड्यांच्या पाट्या, कचेऱ्यांच्या पाट्या, शाळेच्या शिक्क्यातलं नाव, सगळं नवं झालं होतं. पूर्वी कामासाठी कुठल्या कुठं जावं लागायचं, ते आता लातूर म्हटलं की भागायचं, आणि मोठी माणसं "आमच्या जिल्ह्याला जाऊन येतो" असं अंगणात पाहुणा आल्यासारखं कौतुकानं म्हणायची. पण आकाशाला कुणी हे कळवलं नव्हतं. लागोपाठच्या पावसाळ्यांनी हात आखडता घेतला होता. बाबा म्हणायचे, "जिल्हा नवा झाला, पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यात राहिला." गाडीत हा विनोद ते रोज करत असणार, कारण घरी करताना त्यांना स्वतःला हसू येत नव्हतं.

अशा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या बिरादार सरांनी शाळेच्या वादविवाद स्पर्धेचा विषय फळ्यावर लिहिला. विज्ञानाच्या कोणत्या शोधानं आपलं रोजचं जगणं सर्वांत जास्त बदललं? खरं तर स्पर्धा संमेलनात व्हायची, पण पाण्यापायी संमेलन रद्द झालं आणि स्पर्धा तेवढी उरली. मी विषय घरी नेला आणि बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. "यात वाद कसला? एसटी. बिलकुल एसटी. पूर्वी बाळंतीण अडली की बैलगाडीत जीव जायचा. आता दोन तासांत उदगीर." मधुकाका म्हणाला, "तुझी एसटी डिझेलवर चालती, माणूस विजंवर. एक बल्ब लागला की भुतं गावातून पळाली का न्हाई?" मी टीव्ही म्हटलं. ग्रामपंचायतीत नुकताच टीव्ही आला होता आणि सगळं गाव त्याच्यापुढं पोत्यांवर बसायचं. टीव्हीवर बोलणाऱ्या बाईसारखं स्वच्छ बोलायचं हे माझं आयुष्याचं ध्येय होतं. रमा म्हणाली, बर्फाची कांडी. मग बाबांनी नेहमीप्रमाणं मायकडं बघितलं. "तू सांग की, पारू." माय तव्यावरची भाकरी उलथून म्हणाली, "माझं कामून इचारता? तुमचं ठरू द्या आधी." असं ती प्रत्येक वेळी म्हणायची, आणि आमचं कधीच ठरत नसल्यामुळं तिची पाळी कधीच येत नसे.

मायबद्दल इथंच सांगून टाकते. ती शाळेत गेली नव्हती, पण तिच्यासारखा विचार करणारी व्यक्ती मी पुढं प्राध्यापकांत राहूनही फार पाहिली नाही. ती उगाच बोलत नसे आणि बोलल्यावर मागं घेत नसे. भावकीत कुणाचं बिनसलं की दोन्हीकडची माणसं तिच्याकडं यायची, आणि दोघंही आपलंच म्हणणं तिनं मानलं अशा समजुतीनं परत जायची. मला तिचा अभिमान वाटायचा आणि थोडी भीतीही वाटायची. दोन्ही अजून वाटतात, ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

त्याच हंगामात बाबांनी उदगीरहून प्लास्टिकच्या दोन घागरी आणल्या. हिरव्यागार, पोपटासारख्या. आमच्याकडं घागरीला बिंदगी असंही म्हणत. सीमेपलीकडच्या कानडी माणसांनी तो शब्द आम्हाला दिला आणि परत मागितला नाही. तोवर पाणी आणायचं ते मातीच्या नाहीतर जर्मलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, घागरीत, आणि गावातल्या बड्या घरांत पितळेच्या. घागर कशाची आहे ते बघून बाई कुठल्या आळीची ते लांबून कळायचं. बाबांनी एक घागर एका बोटावर उचलून दाखवली, जत्रेत जादूगार दाखवतो तशी. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "ही काय घागर हाय? हे तर खेळणं." माय मात्र ती हातात घेऊन कितीतरी वेळ तोलत राहिली. मग कंबरेवर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "वजन कुठाय हिचं?" ती म्हणाली, तक्रार केल्यासारखी. बाबा म्हणाले, "वजन फक्त पाण्याचं." मी तिच्या कंबरेकडं बघत होते. तिथं डाव्या बाजूला घागरीच्या कडेनं कातडी काळी पडून चामड्यासारखी झाली होती. प्रत्येक बाईच्या कंबरेवर तशी खूण असायची, म्हणून आम्हाला ती अंगाचाच भाग वाटायची.

आता भांडं आलं म्हणजे त्यावर नाव आलं. भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते आपलं होत नाही, ही आपली रीत. पण नाव कोरणारा म्हणाला, प्लास्टिकवर माझं यंत्र चालत नाही, भोक पडेल. तेव्हा मायनं छत्रीची मोडकी काडी चुलीत लाल केली आणि दोन्ही घागरींच्या गळ्याखाली तीन तीन चटके दिले. तीन टिकल्या, एकीशेजारी एक. घरात जळक्या प्लास्टिकचा वास भरला आणि रमा खोकत बाहेर पळाली. मायनं काडी पुसून पुन्हा आढ्यात खोचली. "झाली आपली," ती म्हणाली.

होळी उलटली आणि आमच्या वस्तीतला हापसा कोरडा पडला. दांडा वरखाली करावा तर आतून नुसता घशाचा आवाज. सरपंच पाटलांची विहीरही आटली होती, आणि गावात चालू राहिलेला हापसा एकच, शाळेच्या मैदानाच्या कडेला, गाव संपतं आणि आमची वस्ती सुरू होते तिथं. तिथं आम्हाला पाणी भरू द्यायचं की नाही यावर पंचायतीत खल झाला. बाबांनी जाऊन नम्रपणे पण ठाम सांगितलं की हापसा सरकारी आहे. शेवटी ठरलं की भरा, पण रांग वेगळी. शाळेतल्या चुन्यानं मैदानात एक रेघ मारली गेली. रेघेच्या अलीकडं आमच्या घागरी, पलीकडं त्यांच्या. एक घागर तिकडची, मग एक इकडची. हापश्याच्या दांड्याला साखळी आणि कुलूप होतं. थोडं पाणी आलं की हापसा दमायचा, मग त्याला कुलूप लावून निजू द्यायचा, आत पाझर जमला की पुन्हा उघडायचा. किल्ली माणिकरावांच्या खिशात. माणिकराव म्हणजे सरपंच पाटलांचे धाकटे भाऊ. डोक्याला मोठा पटका, आणि काम असं काही नाही. हे काम मिळाल्यापासून ते लिंबाखाली बाजेवर बसून असायचे आणि जरा कुठं आवाज वाढला की म्हणायचे, "कुलूप घालू का? कायमचं घालू?" ती धमकी खरी होती. ते कुलूप कायमचं पडलं असतं तर आम्हाला नदीतला झिरा होता, तोही दोन टेकड्या ओलांडून, वाटीवाटीनं भरायचा.

बायका रोजगार हमीच्या बांधावर मातीकामाला जायच्या आणि आपल्या जागी आपल्या घागरी उभ्या करून जायच्या. दिवसभर मैदानात माणसांऐवजी घागरींच्या दोन रांगा. हिरव्या, लाल, निळ्या. कारण तोवर सगळ्यांनीच, अगदी पाटलांच्या घरीही, प्लास्टिकच्या घागरी घेतल्या होत्या. लांबून पाणी आणायची वेळ आल्यावर पितळेची ऐट कुणाच्या कंबरेला परवडणार? मला वर्गाच्या खिडकीतून त्या रांगा दिसायच्या. वरच्या रांगेतली कुठली आणि खालच्या रांगेतली कुठली, हे चुन्याची रेघ नसती तर ओळखू आलं नसतं.

आणि एका दुपारी ते झालं. ऊन मी म्हणत होतं, सर नकाशावर नद्या दाखवत होते, आणि मैदानात वावटळ उठली. वावटळी रोजच उठायच्या. पण पितळेची घागर वाऱ्याला दाद देत नाही, मातीची देत नाही. म्हणून घागर उडू शकते हे आमच्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि एकाही बाईनं घागरीत दगड घातलेला नव्हता. वावटळ चुन्याच्या रेघेवरून सरळ चालत आली आणि दोन्ही रांगा घेऊन गेली. घागरी उड्या मारत, गडगडत, एकमेकींवर आपटत सगळ्या मैदानभर नाचल्या. काही शाळेच्या भिंतीला लागल्या, काही बाभळीच्या काट्यात बसल्या, एक माणिकरावांच्या बाजेखाली जाऊन लपली. आम्ही पोरं पोट धरून हसलो. बांधावरून बायका आरडत आल्या आणि ज्या रंगाची आपली, त्या रंगाची हाताला लागेल ती उचलून पुन्हा आपापल्या बाजूला उभी केली. मग हापसा उघडला, घागरी भरल्या आणि जो तो घरी गेला.

घरी आल्यावर मायनं घागर उतरवली, पदरानं कोरडी केली आणि तशीच थांबली. गळ्याखाली टिकल्या नव्हत्या. तिनं ती उजेडाकडं वळवली, फिरवून बघितली. तसली कोरीकरकरीत हिरवी घागर गावात दुसऱ्या एकाच घरात होती, सुभद्राअक्कांच्या. त्यांच्या आणि आमच्या घागरी बाबांनीच एका दुकानातून आणल्या होत्या, अक्कांनी गाडीत सांगून पाठवलं म्हणून. सुभद्राअक्का म्हणजे सरपंच पाटलांच्या बायको. त्यांच्या घरात आमच्या घागरीचं पाणी गेलं होतं. माजघरात, चुलीवर, देवघरात.

त्या संध्याकाळी आमच्यात पहिल्यांदा खरा वाद झाला. मधुकाका खूश होता. "राहू द्या की. पाटलाचे देव आपल्या घागरीनं अंघोळ करून राहिले, आन् काय झालं? आभाळ पडलं?" बाबांनी त्याला गप्प केलं. ते म्हणाले, उद्या रांगेत हळूच बदलून घेऊ, कुणाला कळणार नाही. माय म्हणाली, "चोरून बदलताना कुणी बघितलं तर चोरी लागंल. सांगितलं तर बाट लावला म्हनतील. आन् गप बसलो, आन् माणिकरावानं त्या टिकल्या बघितल्या, तर मुद्दाम केलं म्हनतील. कसंबी केलं तरी कुलूप." बाबांनी अर्धी भाकरी तशीच ठेवून ताट सारलं. अक्कांची घागर मायनं वापरली नाही. दुसऱ्याची वस्तू म्हणून रिकामी करून कोपऱ्यात पालथी घातली, आणि आम्ही एका घागरीवर दिवस काढायला लागलो. कण्या शिजवायलासुद्धा पाणी मोजून. मला टीव्ही या विषयावरचं भाषण पाठ करायचं होतं. सरांनी लिहून दिलं होतं, हातवाऱ्यांच्या जागी खुणा करून. मी ते म्हणायला लागले की नजर कोपऱ्यातल्या पालथ्या घागरीवर जायची आणि पुढचं वाक्य विसरायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी माय उठली, ती घागर घेतली आणि मला म्हणाली, "चल." हापसा निजलेला होता. बायका भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या, रेघेच्या दोन्ही बाजूंनी. माणिकराव बाजेवर. माय नेहमी थांबायची त्या अंतरावर अक्कांच्या समोर थांबली आणि घागर खाली ठेवली.

"अक्का, ही तुमची घागर."

सुभद्राअक्कांनी घागरीकडं बघितलंसुद्धा नाही. "आन् तुझी माझ्याकडं हाय."

मायनं मनात काय काय जुळवून आणलं असेल, ते सगळं सांडलं. "तुमाला ठाव हाय?"

"वावटळीच्याच दिशी कळलं. घरी न्हेऊन उतरवली, आन् तीन टिकल्या दिसल्या. असले चटके तुझ्याबिगर कोण देतंय?"

"मंग बोलला न्हाईत कामून?"

अक्कांनी निजलेल्या हापश्याकडं हात केला. मग म्हणाल्या, "पानी भरलेलं हुतं, पारू. सांडू का? ह्या दिसांत भरली घागर सांडू? पोरं तान्हेली. आधी मीच तांब्याभर प्याले. म्हनलं, काय व्हायचं ते मला हू दे. काय झालं न्हाई. मंग पोरांना दिलं. दुसऱ्या दिशी परत तसंच. मंग म्हनलं, जाऊ दे."

माणिकराव बाजेवरून उठले होते. पटका सावरत, तोंड लाल करून ते जवळ आले. "वहिनी, काय म्हणून राहिल्या तुमी? आमच्या घरात? देवघरात?" आणि मायकडं वळून खिशातली किल्ली काढली. "मला ठावंच हुतं. बोट दिलं की हात धरतात. आधी ती घागर फोडा. मंग ह्या हापश्याचं बघतो मी."

अक्कांनी दिरापुढं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मान वळवली आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "भावजी, मातीची असती तर फोडली असती. पितळंची असती तर इस्तवात घालून उजळून घेतली असती. ही फोडून फुटत न्हाई, आन् इस्तवात घातली तर उरत न्हाई. तुमीच सांगा, पानी कशात आनू? तुमच्या पटक्यात?"

रेघेच्या अलीकडून की पलीकडून, कोण आधी हसलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण हसू एकदा सुटल्यावर ते दोन्हीकडं सारखंच पसरलं. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आन् चार दिस तुमीबी तेच पानी पिऊन राहिलात. काल तर म्हनलात, आज पानी गोड लागतंय."

माणिकराव निघून गेले. किल्ली घेऊन गेले, ही मात्र हसण्यासारखी गोष्ट नव्हती. संध्याकाळभर हापसा तसाच बंद राहिला. त्या दिवशी आमच्या घरात कुणी विषय काढला नाही. बाबांनी टोपीही खुंटीला अडकवली नाही, हातात घेऊन बसून राहिले. मी मायला विचारलं, आता काय होणार? ती म्हणाली, "जे अक्काच्या घरात होईल ते." एवढंच. तिला कळलं होतं की आता हा वाद पाटलांच्या चुलीजवळ चालला असणार, आणि तिथं तो आमच्या बाजूनं लढणारी एकटीच बाई होती.

सकाळी आम्ही घागर घेऊन गेलो तर साखळी दांड्याला नुसतीच लोंबत होती. कुलूप नव्हतं. सुभद्राअक्का स्वतः हापसत होत्या, खटांग खटांग, पाटलाघरची बाई, घामानं भिजलेली. त्यांच्यापुढं आमची घागर होती, तीन टिकल्यांची. भरल्यावर त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. नेमकी चुन्याच्या रेघेवर. मग मायला म्हणाल्या, "ये, बिगी बिगी भरून घे, दमायच्या आत." माय म्हणाली, "अक्का, घागर बदलून घेता का?" अक्का म्हणाल्या, "राहू दे. माझ्या कंबरंला बसली ती आता." घरी त्यांनी पाटलांना काय सांगितलं, काय ऐकून घेतलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यांचे डोळे मात्र सुजलेले होते. त्या बाईबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते मी आजवर कुठल्या पुढाऱ्याबद्दल, कुठल्या वक्त्याबद्दल वाटून घेतलेलं नाही.

स्पर्धा त्याच आठवड्यात झाली. परीक्षक उदगीरहून आले होते, चष्मेवाले, कडक इस्त्रीचे. वरच्या वर्गातल्या एका मुलानं वीज मांडली, इतकी छान की मलाही पटली. माझा नंबर आला. सरांनी लिहून दिलेलं पहिलं वाक्य ओठांवर होतं. खिडकीतून हापसा दिसत होता. मी म्हणाले, "अध्यक्ष महाशय, मी टीव्हीवर बोलणार होते, पण आता मी प्लास्टिकच्या घागरीवर बोलणार आहे." बिरादार सरांनी कपाळावर हात मारला. मी हातवारे विसरले, टीव्हीवरच्या बाईसारखं बोलायचंही विसरले, आणि घरी भाकरी थापली जात असताना बोलते तशी बोलत सुटले. एसटी बाबांना रोज उदगीरला नेते, मायला वर्षातून दोनदा माहेरी. वीज येते आणि जाते. टीव्ही बघून झाल्यावर बंद करतात. पण घागर बाईच्या कंबरेवर रोज आहे, मेली तरी पाणी तिनंच आणायचं, आणि ज्यानं त्या घागरीचं वजन काढून घेतलं त्यानं तिच्या हाडांचं आयुष्य वाढवलं. आणि ही घागर फुटत नाही, असंही म्हणाले. हे वाक्य मागं उभ्या असलेल्या बायकांना समजलं. परीक्षकांना नाही. ते म्हणाले, "पण बाळ, याचा शोध लावला कुणी?" मी म्हणाले, माहीत नाही. सगळे हसले. ते म्हणाले, "ज्याचा जनक माहीत नाही तो शोध कसा म्हणायचा?" मी म्हणाले, "चाकाचा तरी कुठं माहीत हाय, सर?" वीज पहिली आली. मला उत्तेजनार्थ मिळालं: साबणाची डबी, प्लास्टिकची.

घरी बाबांनी डबी हातात फिरवून बघितली आणि निकाल मान्य केला. म्हणाले, "एसटी हरली. ह्या घरात आजपासून घागर." मग सवयीनं मायला विचारलं, "तुझं काय, पारू? आता तरी सांग." आणि त्या दिवशी तिनं पहिल्यांदा आपली पाळी घेतली. "घागरच," ती म्हणाली. "पन येक खोट हाय तिच्यात. जड घागर हुती तवर रमाला कुणी पान्याला धाडत नव्हतं. आता धाडतात." रमा आठ वर्षांची होती आणि दोन महिन्यांपासून रोज एक घागर आणत होती, आणि हे माझ्या सगळ्या भाषणात मला सुचलं नव्हतं. पुढं मी नांदेडला विज्ञान शिकवायला लागले तेव्हा दर वर्षी मुलांना हाच विषय द्यायचे. कुणी संगणक म्हणायचं, कुणी मोबाईल, कुणी लस. छान बोलायची मुलं. शेवटी मी विचारायचे, तुमच्या शोधातली खोट सांगा. तो प्रश्न माझा नव्हता, मायचा होता.

त्या उन्हाळ्याचं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. मृग बरसला, पाटलांची विहीर भरली आणि चुन्याची रेघ धुऊन गेली तरी माणसांना ती ओलांडायला बरीच वर्षं लागली. पण पाऊस येईपर्यंतच्या दिवसांत हापश्यावर एक गोष्ट आपोआप रूढ झाली. हापसा जागा झाला की जी बाई हजर असेल तिनं ओळीनं सगळ्या घागरी भरत सुटायचं, कारण थांबलं की पाणी उतरायचं. आणि बांधावरून दमून आलेल्या बाईनं आपल्या रंगाची भरलेली दिसेल ती उचलून चालू लागायचं. कोण वाकून गळ्याखाली बघत बसणार? पुढच्या बाजाराला बाबांनी नवी घागर आणली. मी आढ्यातली छत्रीची काडी काढून चुलीत घातली. मायनं ती चिमट्यानं बाहेर ओढली. "कशाला?" ती म्हणाली. "आपली हाय म्हनून कुणाला सांगायचं?" तोवर गावात एकाही घरात स्वतःची घागर उरली नव्हती, आणि ती शोधायला कुणी निघालंही नव्हतं.